भाच्याच्या मिरवणुकीत आत्यानं जावं का?

*ताई, मी पारोळ्याची, वय ५४. माहेर अमळनेर तालुक्यात. माझ्या मोठ्या भावाचा मुलगा २७ वर्षांचा आहे, पुण्यात कंपनीत नोकरीला. लहानपणी त्याची आई आजारी असायची म्हणून तीन वर्षं तो माझ्याकडेच वाढला. अजून मला फुईच म्हणतो. अखाजीला आला होता. गच्चीवर बिबडे वाळत घालताना त्यानं सांगितलं की तो गे आहे. मला आधी शब्दच कळला नाही. मग त्यानं समजावून सांगितलं. जूनमध्ये पुण्यात त्यांची प्राइड म्हणून मिरवणूक असते. जाताना म्हणाला, ‘फुई व, तू ये. मन्हासंगे चाल.’*

*आमच्या ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, त्याला काय करायचं ते करू दे, तू कशाला रस्त्यावर नाचायला जातेस? दादा-वहिनीला काहीच माहीत नाही. दिवाळीनंतर लग्न उरकायचं म्हणून दादानं बायोडाटा छापून आणलाय. चोपड्याचं एक स्थळ मीच सुचवलंय, मुलगी बी. फार्म. आहे. श्रावणात कानबाईला सगळी भाऊबंदकी जमते, तेव्हा लग्नाचा विषय निघणारच. दादापासून मी आजवर काही लपवलं नाही. रात्र रात्र झोप लागत नाही. मी पुण्याला जाऊ का? दादाला सांगू का? आणि मला हेही कळत नाही, की जे आहे ते घरातल्या घरात ठेवायचं सोडून मिरवणूक कशाला काढायची?*

*– एक आत्या*

ताई,

तुम्ही विचारलेत तीन प्रश्न. पण झोप उडवणारी गोष्ट निराळीच आहे. ती तुम्ही एका ओळीत उरकलीत आणि पुढे गेलात. चोपड्याची ती मुलगी. तिच्याकडे मी येणार आहे. आधी सोपं उत्तर देऊन मोकळी होते: पुण्याला जा.

त्या मिरवणुकीत त्याच्या ओळखीची शेकडो पोरं असतील. नाचायला आणि फोटोला सोबत हवी म्हणून त्यानं तुम्हाला बोलावलेलं नाही. तिथे फुई म्हणून हाक मारता येईल असं दुसरं कुणी नसणार, म्हणून बोलावलंय. तीन वर्षं ज्या बाईनं न्हाऊमाखू घातलं, तिच्यापासून चोरून जगायचा त्याला कंटाळा आला असेल. सांगायला त्यानं जागाही कुठली निवडली बघा. गच्चीवर, बिबड्यांचं पीठ हाताला लागलेलं असताना. तुमचे हात गुंतलेले, नजर बिबड्यांवर, म्हणजे तुमच्या डोळ्यांत बघून बोलायची वेळ येणार नाही. पोरगं हुशार आहे तुमचं.

आता मिरवणूक कशाला. मलाही हा प्रश्न पडायचा. ज्याचं त्यानं बघावं, गाजावाजा कशाला, असं मी तोंडानं म्हटलेलं आहे. पण ताई, आपण खान्देशी माणसं कुणाला गाजावाजा शिकवणार? कानबाई उठते, देवी विसर्जनाला निघते, तेव्हा अख्खी गल्ली अडवतो आपण. बँड काय, फुगड्या काय, एरवी डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बाया भर रस्त्यात नाचतात आणि कुणी म्हणत नाही की देवी घरातल्या घरात का नाही पुजत. वर्षाचे बाकीचे दिवस ज्यांना मान खाली घालून चालावं लागतं त्यांना एक दिवस रस्ता लागतो, एवढंच मला त्यातनं कळलेलं आहे.

आणि घरातल्या घरात म्हणजे नेमकं काय, तेही जरा बघू. या सदराकडे आपल्या तीन जिल्ह्यांतून अशी पत्रं येतात. बहुतेक निनावी, काही तर वहीचं पान फाडून लिहिलेली. जवळजवळ प्रत्येकात एक वाक्य असतंच: आमच्या भागात असा मी एकटाच आहे. एकदा एकाच आठवड्यात अशी दोन पत्रं आली आणि दोघांची गावं एकाच एस.टी.च्या रस्त्यावर होती. एखादवेळी एकाच गाडीत बसून कॉलेजला जात असतील दोघं, मागच्या-पुढच्या बाकावर. एकाला दुसऱ्याचं नाव मी सांगू शकत नाही, सांगितलंही नाही. पण ते घरातल्या घरात म्हणजे हे असं असतं.

भारतात अशी पहिली फेरी निघाली ती २ जुलै १९९९ रोजी, कोलकात्यात. पंधरा माणसं होती. आपल्याकडच्या एखाद्या वरातीतल्या बँडवाल्यांपेक्षाही कमीच. मुंबईत २००८ च्या ऑगस्टमध्ये निघाली. पुण्यात ११ डिसेंबर २०११ रोजी, बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टच्या पुढाकारानं. तेव्हा अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ अजून कायद्याच्या पुस्तकात होतं. मधे दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये ते सैल केलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा आवळलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध हा गुन्हा नाही. हिशेब करा. तुमचा भाचा तेव्हा कॉलेजात असेल. तोवर त्याच्या प्रेमाला कायद्यात जन्मठेपेपर्यंतची शिक्षा लिहिलेली होती, आणि हे त्याला माहीत होतं, तुम्हाला-मला नव्हतं.

मी एकदाच गेलेय पुण्याच्या मिरवणुकीत. मैत्रिणीच्या मुलीनं ओढून नेलं, मला वाटलं होतं कडेला उभं राहून बघेन. जंगली महाराज रस्त्यावर आभाळ भरून आलेलं, ढोल वाजत होता, सहा रंगांचं एक लांबलचक कापड वीस-पंचवीस जणांनी धरलेलं. माझ्या पुढे दोन मुलं चालली होती. एकानं नऊवारी नेसली होती आणि दुसरा चालता चालता तिचा सुटलेला काष्टा पिना लावून सावरत होता, पिना दातात धरून, अगदी लग्नघरातल्या मावशीसारखा. मला हसू आलं. म्हटलं दे इकडे, आणि काष्टा मी नीट खोचून दिला. मग कडेला उभं राहायचं राहूनच गेलं.

पण घरी आल्यावर आठवत राहिला तो वेगळाच मुलगा. त्यानं तोंडाला कागदी मुखवटा बांधला होता. उकाड्यानं त्याच्या हनुवटीवरून घाम टपकत होता तरी काढत नव्हता. टीव्हीचा कॅमेरा दिसला की तो माझ्या डाव्या अंगाला यायचा, माझ्या आडोशाला. मी विचारलं, कुठला रे? म्हणाला, ‘नंदुरबारकडचा.’ मी धुळ्याची म्हटल्यावर बिचकलाच, मग अहिराणीत बोलायला लागला. संपेपर्यंत बोलत होता, पाऊस कधी पडेल, कापूस काय भाव गेला, असलंच. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. शेवटी म्हणाला, मावशी, आज पहिल्यांदा दोन्ही भाषा एका जागी बोललो. मला ते तेव्हा कळलं नाही. दोन्ही म्हणजे मराठी आणि अहिराणी असं मी समजले होते.

म्हणून जा. आणि जाल तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवा. तुमचं नेहमीचं पातळ नेसा, सवयीच्या चपला घाला, पाण्याची बाटली आणि छत्री घ्या. नाचलंच पाहिजे असं काही नाही, चालणारेच जास्त असतात. पोलीस परवानगी देतात, बंदोबस्त असतो, स्वयंसेवक असतात. थोडे कपडे, थोडा भडकपणा दिसेल. डोळे मोठे करू नका, गणपती विसर्जनाला पुण्यात याहून जास्त बघायला मिळतं. तिथे गे पोरं असतील, लेस्बियन मुली असतील, तृतीयपंथी असतील, आणि तुमच्यासारखे नुसते सोबतीला आलेलेही असतील. कोण कोण आहे हे ओळखायच्या फंदात पडू नका. समोरचा जे नाव सांगेल त्या नावानं हाक मारा.

फोटोचं मात्र कडक सांगते. भाच्यासोबतचा फोटो तुमच्या फोनमध्ये असू दे, पण माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, स्टेटसला नाही, ‘फक्त नणंदेला’ तर अजिबात नाही. मागे ओळखू येईल असं कुणी तिसरं असेल तर तो फोटो ठेवूच नका. त्या मुखवटेवाल्या पोराचं आयुष्य कुणाच्या तरी स्टेटसवर टांगलेलं असतं.

यावरून आठवलं, तुम्ही ह्यांना सांगितलंत. भाच्याला विचारून सांगितलंत का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. नवऱ्याला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं नव्हे अशी आपली समजूत असते. पण त्याच्या बाजूनं बघा: त्यानं एकीला सांगितलं आणि आता दोघांना माहीत आहे. पुण्याला जायच्या आधी हे त्याला सांगून टाका, माफी मागा. आणि ह्यांच्याकडून शब्द घ्या की पानटपरीवर, शेतावर, मेव्हण्यासमोर ते बोलणार नाहीत. ते रागावलेत असं मला वाटत नाही, घाबरलेत. बायको टीव्हीवर दिसेल याला.

दादाला सांगू का, या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. तुमच्या मनावर ओझं आहे हे कबूल. पण सांगायची गोष्ट त्याची आहे, कधी आणि कशी तेही त्यानंच ठरवायचं. त्यानं तुम्हाला जे दिलं ती ठेव आहे, आणि ठेव परस्पर दुसऱ्याला देता येत नाही, भाऊ असला तरी. विचारा त्याला: दादाला सांगायचं तुझ्या मनात आहे का, तेव्हा मी शेजारी बसू का? एवढ्या एका वाक्यानं त्याची निम्मी भीती जाईल. दादानं तुम्हाला सरळ विचारलंच, तर खोटं बोलू नका. ‘त्याचं त्यालाच विचार’ म्हणा आणि उठून चहा ठेवा.

आता चोपड्याची मुलगी.

इथे मात्र गप्प बसायचं नाही. ते स्थळ तुम्ही आणलंत, तुम्हीच परत घ्या. याच महिन्यात. कारण शोधायची गरज नाही, मुलाला इतक्यात करायचं नाही म्हणा. ते खोटंही नाही. आपल्याकडे अशी लग्नं किती झाली याची मोजदाद कुणी केलेली नाही, पण तुम्ही एखादी तरी बाई आठवून बघा: नवऱ्यानं मारलं नाही, टाकलं नाही, दारूला शिवला नाही, आणि तरी वीस वर्षं ती स्वतःलाच विचारत राहिली की माझ्यात काय कमी आहे. बी. फार्म. झालेली मुलगी आहे ती. तिच्या आईबापांनी केळीच्या पैशावर शिकवली असेल, नाहीतर कर्ज काढून. तिला न सांगता या घरात आणणं ही फसवणूक आहे. त्यात तुमचा भाचा अडकेलच, पण जास्त भरडली जाईल ती.

आणि हे भाच्यालाही सांगा, प्रेमानं पण स्पष्ट. तुझी गोष्ट मी माझ्या पोटात ठेवेन. पण घरच्यांच्या दबावाला बळी पडून तू बोहल्यावर चढायला निघालास, तर मी गप्प राहणार नाही. आधी तुला सांगेन, मग उठेन. त्याला हे आज कळलेलं बरं. कदाचित त्याला हाच आधार हवा असेल. एकट्यानं नाही म्हणायला तो घाबरत असेल, आत्या पाठीशी आहे म्हटल्यावर ‘मला लग्न करायचं नाही’ एवढं तरी बापासमोर म्हणू शकेल. त्याला पुढेमागे जोडीदार मिळाला तरी आपल्या कायद्यात त्यांचं लग्न नोंदवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ रोजी ते संसदेवर सोडलं. पण मुलीशी लग्न करच, असं सांगणारा तर कुठलाच कायदा नाही.

दादाला कळेल तेव्हा काय होईल याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त. वहिनी रडतील, कुणीतरी एखाद्या महाराजांचं नाव काढेल, कुणी डॉक्टरचं. म्हणून आधीच सांगून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ‘बरं करून देतो’ म्हणणारा डॉक्टर हा व्यवसायाचा गैरवापर करतो, असं २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंच राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलेलं आहे. अंगारा, शॉक, गोळ्या, ‘एकदा लग्न झालं की ठीक होतो’, या सगळ्यातून पोरांचे नुसते हाल होतात. त्या दिवसांत भाचा खचलेला वाटला, भलतंसलतं बोलायला लागला, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. वहिनींसाठी म्हणाल तर अशा मुलांच्या आईबापांचाच ‘स्वीकार’ नावाचा गट आहे. २०२३ मध्ये त्यातल्या चारशेहून जास्त आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. नाटक-सिनेमावाल्या आपल्या चित्रा पालेकर त्यांच्या लेस्बियन मुलीच्या बाजूनं वर्षानुवर्षं उघडपणे बोलत आल्यात. दुसऱ्या आईशी बोलून जो धीर येतो तो माझ्या लेखानं यायचा नाही.

तुम्ही पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंय, ‘म्हणजे त्याला बाई व्हायचंय का?’ ते मी वर छापलं नाही, तुम्हाला संकोच वाटला असावा म्हणून. उत्तर देते. नाही. तो पुरुषच आहे, त्याला पुरुष आवडतात, इतकंच. जन्मताना मुलगा म्हणून नोंदलेलं पण मनानं बाई असणं ही वेगळी गोष्ट. आणि तीही आपल्या भागाला नवी नाही. जळगावजवळच्या भादली बुद्रुकला २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा महिला राखीव जागेवरचा अर्ज बाद केला होता. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्यायालयानं अर्ज घ्यायला लावला, आणि गावानं त्यांना निवडून दिलं. पुण्यामुंबईच्या लोकांनी नाही, भादलीच्या शेतकऱ्यांनी मतं दिली. २०२४ मध्ये फैजपूरच्या शमिभा पाटील या तृतीयपंथी कार्यकर्तीला वंचित बहुजन आघाडीनं रावेरमधून विधानसभेची उमेदवारी दिली. लोक काय म्हणतील हे आपण घरात बसून ठरवतो. लोक कधीकधी भलतंच म्हणतात.

तुमच्या माहेरगावाकडचं एक उदाहरण द्यायचा मोह होतोय, जरा ताणलेलं आहे, चालवून घ्या. अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण केलं, विठोबाचं दार दलितांना उघडावं म्हणून. तो प्रश्न आणि हा प्रश्न एक नाही, जातीचं दुःख वेगळं, त्याची बरोबरी मी करत नाही. पण गुरुजींनाही ते मनातल्या मनात मानून स्वस्थ बसता आलं असतं. ते राज्यभर फिरले, सभा घेतल्या, मग उपाशी बसले, सगळ्यांना दिसेल असे.

कानबाईचं राहिलं. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात, आणि ते रोट भाऊबंदांखेरीज कुणी खात नाही. (बायांच्या नावाची मूठ का नाही, हा माझा जुना वाद आहे, तो पुन्हा कधीतरी.) यंदा श्रावणात तुमच्या दादाच्या घरी गहू मोजायला बसतील तेव्हा तुमच्या भाच्याच्या नावाची मूठ निघेलच, कारण अजून कुणाला काही माहीत नाही. माझं लक्ष आहे ते त्यापुढच्या श्रावणाकडे, नाहीतर त्याच्याही पुढच्या. सगळ्यांना कळलेलं असेल, दादा तोंड फिरवून बसलेला असेल, आणि सूप पुढे ओढून कुणीतरी नावं घेत असेल. तुम्ही सासरच्या झालात, तिथे मूठ भरायचा मान तुमचा नाही. पण नाव सुटलं तर आठवण करून द्यायला आत्याला कोण अडवतंय? पुण्याच्या रस्त्यावर चालणं त्यापेक्षा फार सोपं आहे. तिथे सगळे अनोळखी. म्हणून सुरुवात तिथून करा.

पारोळ्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडा, सकाळी पोचाल. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट काढा, त्याच दिवशीचं नको. संध्याकाळी तो आणि त्याचे मित्र दमून घरी येतील, तेव्हाच्या गप्पा ऐकायला तुम्ही तिथे असायला हव्यात. आणि अखाजीला घातलेले बिबडे नक्की न्या, शेंगदाणे आणि हिरव्या मिरच्याही. मित्र किती येणार ते आधी विचारून घ्या, पोरं भूक लागली की डबा पुसून ठेवतात. डबा डिकीत टाकू देऊ नका, मांडीवर घेऊन बसा. बिबडे मोडतात.